परतभेटीची परतभेट

ओगाकी,
ऑक्टोबरचा मध्य

तीर्थरूप दादांच्या चरणी धाकट्या एशुनचे दंडवत.

इकडे किन्मोकुसेईच्या झाडांना नारिंगी बहर आला आहे आणि गल्लीबोळांत असा घमघमाट सुटला आहे, की आमच्या कचेरीतला कुबट वास गेले काही दिवस कोणाला जाणवलेला नाही. इबुकी डोंगराच्या माथ्यावर अजून बर्फ नाही. तुम्हाला तो डोंगर पश्चिमेकडून दिसतो, मला पूर्वेकडून, आणि त्याचे तोंड कोणत्या बाजूला या वादात आपले निम्मे आयुष्य गेले (तोंड अर्थातच ओगाकीकडे आहे, तुम्ही पाहता ती पाठ). तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी खुर्चीवर बसून प्रवचन द्या म्हणून सांगितले, तेव्हा तुम्ही ती खुर्ची श्रोत्यांत बसलेल्या आजीबाईंना दिलीत आणि स्वतः पुन्हा गुडघे मोडून बसलात, असे वहिनी फोनवर म्हणाल्या. त्यांचा सूर कौतुकाचा नव्हता. रानडुकरे अजून देवळामागचा बांबू उकरतात का? वहिनींचा खोकला थांबला असावा अशी आशा करतो. आमच्याकडे सर्व क्षेम. मी पूर्वीइतकाच जाड आहे.

पत्रास कारण की, उन्हाळ्यात वडिलांच्या स्मृतिदिनाला आलो होतो तेव्हा तुम्ही गार शेवया ओरपता ओरपता मला एक प्रश्न विचारलात. "तुमची ती खेळणी इथेच कोणी घेत नाही. परदेशात कोण घेणार, आणि घेतली तरी त्यातून कोणाचे पोट भरणार?" मी त्या वेळी शेवई घशात अडकल्याचे निमित्त करून अंगणात गेलो. शेवई अडकली नव्हती, उत्तर अडकले होते. आता ते मोकळे झाले आहे. वडिलांनी मला क्योतोला पाठवले ते घरात सूत्रांचा अर्थ जाणणारा एक तरी असावा म्हणून. तुमच्या वाट्याला घंटा आली, माझ्या वाट्याला विभक्त्या. म्हणून शास्त्रोक्त पद्धतीने आधी पूर्वपक्ष मांडतो, मग सिद्धान्त. घाई असेल तर शेवट आधी वाचावा. तुम्ही तसेही वर्तमानपत्र मागूनच वाचता.

प्रथम, तो खेळ म्हणजे काय हे तुम्ही आता पाचव्यांदा विचाराल, म्हणून सांगतो. पडद्यावर एक पात्र असते आणि खेळणारा त्याचे आयुष्य जगतो: हिंडतो, माणसे भेटतात, राक्षस भेटतात. इतर कंपन्यांच्या खेळांत हे पात्र विशीचे असते, केस वाऱ्यावर उडतात आणि हातातली तलवार त्याच्यापेक्षा उंच असते. आमच्या खेळाचे नाव 'निरोप्या'. त्यातला नायक पन्नाशीचा, कंबर धरलेला, मेलेल्या माणसांचे राहून गेलेले निरोप त्यांच्या जिवंत माणसांना पोचवत डोंगरांतून फिरतो. राक्षस आहेत, पण प्रत्येकाला आडनाव आहे, आणि गाठ पडली की आधी नमस्कारचमत्कार करून घरची विचारपूस करावी लागते. ती नीट जमली तर बरेचसे राक्षस लढतच नाहीत. खेडुतांनी काही दिले, तर त्याच्या निम्म्या किमतीची परतभेट द्यावी लागते. ती विसरलात तर कोणी काही बोलत नाही. फक्त पुढच्या वेळी त्या दुकानाचे दार लागलेले असते. (हे मी कल्पनेने रचले असे परदेशी लोकांना वाटते. तुम्ही आणि मी कोणत्या गावात वाढलो हे त्यांना ठाऊक नाही.) आणि घाटमाथ्यावर एक देऊळ आहे, तिथला धर्मगुरू प्रवचन देतो. ते मधूनच सोडून पुढे जाता येत नाही. चुलीवर भात शिजायला लागेल तेवढा वेळ बसून ऐकावे लागते.

असा हा खेळ. आमच्या देशात तो ज्यांनी घेतला त्यांच्या निष्ठेबद्दल शंका नाही, संख्येबद्दल मात्र बोलू नये.

आता आमची माणसे. मालक कासामात्सु तुम्ही पाहिलेले आहेत. वडिलांच्या अंत्यविधीला आले होते आणि तुमच्याहून जास्त रडले होते. त्यांचे घराणे हिनोकी लाकडाची चौकोनी मापटी करणारे. धाकटा भाऊ अजून तोच धंदा करतो. थोरल्याने गेम काढण्याची कंपनी काढली म्हणून त्याने दहा वर्षे अबोला धरला होता. हिशेब नोमुराबाईंकडे. त्या कधी आवाज चढवत नाहीत. अंकच अशा सुरात वाचतात की समोरचा आपोआप खाली बघतो. तिसरे किताओ, वय पस्तीस, काही वर्षे कॅनडात काढून आलेले. 'निरोप्या'ला परदेशी पाठवावे हे खूळ त्यांचे. म्हणजे आज मी त्याला खूळ म्हणत नाही, पण तेव्हा म्हणालो होतो.

दोन वर्षांपूर्वीच्या त्या बैठकीत नोमुराबाईंनी पूर्वपक्ष इतका बिनतोड मांडला की प्राचीन भाष्यकारांनीही पान उलटून पाहिले असते. त्या मला म्हणाल्या, "भाषांतराचे पैसे शब्दाला पडतात. हिराओसान, तुमचे राक्षस फार बोलतात."

मी म्हणालो, "ते खेडवळ राक्षस आहेत, बाई. त्यांच्याकडे कोणी येत नाही. आलेल्याशी बोलणारच."

"एखाद्या राक्षसाला मुका करता येईल?"

"कोणाला करू? सगळ्यांची ओळख झाली आहे तुमची."

बाईंनी विचार केला आणि मान हलवली. एकालाही मुके करणे त्यांच्याने होईना. (त्यांनी खेळ तीनदा संपवला आहे. हे त्या कबूल करत नाहीत, पण चौथ्या डोंगरावरच्या विधुर राक्षसाचा विषय निघाला की चष्मा पुसायला घेतात.)

मग किताओंनी पलीकडच्या एका वितरण कंपनीचे म्हणणे वाचून दाखवले. खेळ त्यांना आवडला होता. फक्त नायक वीस वर्षांचा करावा, नमस्कार कमी करावेत, परतभेटीची भानगड काढून टाकावी, आणि प्रवचनाला एक बटण द्यावे, जे दाबले की प्रवचन संपेल. दादा, अशा बटणाची इच्छा आपल्या गावात कोणाच्या मनात कधी आली असेल का, याबद्दल मी काही बोलणार नाही.

पण पणाला काय लागले होते ते ऐका. 'निरोप्या'चा हा पूर्वार्धच आहे. त्याच्या शेवटी नायक सगळे निरोप पोचवून घाटात उभा राहतो, आणि पिशवीच्या तळाशी एक निरोप उरलेला सापडतो: त्याच्या स्वतःच्या घरच्यांसाठी. तिथे खेळ थांबतो. उत्तरार्ध माझ्या डोक्यात सात वर्षे पडून आहे. बाईंनी स्वच्छ सांगितले, की परदेशी आवृत्तीने आपला खर्च भरून काढून वर काही उरवले तरच उत्तरार्धाला हात घालता येईल. नाही तर पाचिंकोची जुगारयंत्रे करणाऱ्या एकांचे काम तयारच आहे. गोळ्या पडू लागल्या की यंत्राच्या पडद्यावर नाचणारे मासे काढायचे. म्हणजे चित्रकारांना मासे मिळाले असते. मी संवाद लिहितो, आणि मासे बोलत नाहीत.

मालकांनी चहाचा पेला खाली ठेवला. मग म्हणाले, "नाव भरली नाही म्हणून तलाव लहान होत नाही. आहे तसाच पाठवा. कोणाला घाई असेल त्याने दुसरा खेळ घ्यावा." (हे वाक्य कुठे तरी ऐकल्यासारखे वाटले तर तूर्त गप्प राहावे. त्याकडे येतो आहे.)

वितरण कंपनी नमस्कार करून गेली, तोही कमीच, आणि आम्ही खेळ स्वतःच बाहेर काढला. भाषांतर न्यूझीलंडच्या एका विदुषींनी केले. (त्यांनी मध्येच विचारणा केली, की प्रवचन मुळातच इतके लांब आहे का. मी हो म्हणून कळवले. प्रवचन पुरे झाल्यावर त्यांनी पुन्हा विचारले, की अजून काही उरले आहे का, कारण आता सवय झाली आहे.) खेळ गेल्या शरदात गेला. लोकांच्या उड्या पडल्या असे म्हणता येणार नाही. पण लोक आले, हळूहळू, एकमेकांना सांगत. एकाने लिहिले, की पहिला आठवडाभर मी या खेळात नुसता नमस्कार करत होतो, आणि काल जिन्यात शेजारी भेटला तेव्हा बारा वर्षांत प्रथमच त्याच्या आईची प्रकृती विचारली. खर्च भरून निघाला. वर थोडे उरू लागले. बाईंचे खाली बघायला लावणारे अंक वर बघायला लावू लागले, आणि मी उत्तरार्धाच्या पहिल्या प्रवेशाला हात घातला.

इथून पुढे जे झाले ते आमचेच कर्म.

खेळ संपतो तिथे शेवटच्या पडद्यावर एक चित्र आहे. मालक स्वतः चटईवर बसून, कपाळ टेकवून, इतका वेळ खेळल्याबद्दल खेळणाऱ्याचे आभार मानतात. खाली कंपनीचा पत्ता, आणि 'काही चुकले असल्यास येथे कळवावे' अशी विनंती. पत्ता घाला हे मीच सुचवले होते. आभार मानायचे आणि घर कुठे ते सांगायचे नाही, हे आपल्यात बसत नाही. पण दादा, ज्या माणसाने शेकडो वेळा घेतलेल्याची फेड करत हा खेळ पुरा केला, त्याला शेवटी कोणी दंडवत घालून आभार मानले, तर त्याला काय वाटेल? त्याला वाटेल, आपल्याला काहीतरी मिळाले आहे, आणि ते फेडले नाही तर दार लागेल.

पहिले पुडके पोर्तुगालच्या ब्रागा गावाहून आले. पाठवणाऱ्या ग्रासा तैशेइरा या निवृत्त शाळामास्तरीण. आत एका आंबट फळाच्या गराची घट्ट, गडद तांबडी वडी. मालकांनी ती आपल्याकडच्या वडीसारखी दोऱ्याने कापली आणि तोंडात टाकली. मग म्हणाले, "ही तर आपलीच वडी. लग्न होऊन लांब गेलेली." आणि लगेच परतभेटीची आज्ञा सुटली: भावाच्या कारखान्यातले एक मापटे, आणि उभ्या चिरलेल्या बांबूत भरलेली ओगाकीची पर्सिमन फळाची वडी. बाईंनी ते सुबक कागदात बांधले, वर गाठ मारली, आणि टपाल कचेरीतून आल्यावर प्रथमच थोड्या मोठ्याने म्हणाल्या, "भेटीपेक्षा तिकीट महाग."

मग आइसलंडहून लोकरीचे मोजे आले. कुठून मध आला, कुठून हाताने कोरलेला लाकडी चमचा, कुठून एका आजोबांनी घातलेले लोणचे (ते आजोबा नव्वद पार आहेत आणि सध्या तिसऱ्या डोंगरावर अडकले आहेत, असे नातीने लिहिले होते). सगळ्यांना परतभेटी गेल्या. एका दूरच्या बंदरावर तपासनिसांनी बांबू म्हणून वडी अडवली आणि तसे अत्यंत सभ्यपणे कळवले. मालकांना ते फार लागले. आपल्यामुळे त्या बिचाऱ्यांना लिहिण्याचे कष्ट पडले. त्यांनी तपासनिसांना माफीची मिठाई पाठवली. ती कशात भरलेली होती हे तुमच्या लक्षात आलेच असेल.

इथवर ठीक होते. पण महिन्याभराने ब्रागाहून दुसरे पुडके आले. परतभेटीची परतभेट. किताओ म्हणाले, घाबरायचे कारण नाही, निम्म्याचे निम्मे, त्याचेही निम्मे, असे होत होत आपोआप शून्याला पोचेल. गणित बरोबर होते. पण निम्म्याला कमी पडू नये म्हणून प्रत्येक जण चिमूटभर जास्त घालतो, तसे आपणही घालतो, वर पुडके रिकामे वाजू नये म्हणून मोज्यांत एखादे चॉकलेट खोचतो. त्यामुळे आमचे निम्मे दर फेरीला फुगत गेले. उन्हाळ्यापर्यंत बैठकीची खोली पुडक्यांनी भरली. बैठका जिन्यात होऊ लागल्या. मालकांच्या भावाच्या कारखान्यात मापट्यांसाठी दोन माणसे वाढवावी लागली, आणि ज्या भावाने अबोला धरला होता तो आता रोज फोन करून 'खेळ कसा चालला आहे' म्हणून विचारतो.

एका जिन्यातल्या बैठकीत मी धर्मशास्त्राचा आधार घेऊन पाहिला. म्हटले, शुद्ध दान म्हणजे ज्यात देणारा शून्य, घेणारा शून्य आणि दिलेली वस्तूही शून्य. तेव्हा फेडीचा प्रश्नच उरत नाही. बाई तिसऱ्या पायरीवर बसून हिशेब करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "त्यात तिजोरीही धरा."

आणि सप्टेंबरअखेर त्यांनी निकाल सांगितला. मी तो शब्दशः देतो, कारण तुमच्या शेवयांवरच्या प्रश्नाचे याहून नेमके उत्तर मला सुचलेले नाही. "खेळाने परदेशात कमावले. जे कमावले ते आपल्या शिष्टाचाराने घालवले. धंद्यात अर्थ आहे. आपल्यात नाही."

किताओ म्हणाले, "मग परतभेटी बंद करू. त्यांना कळेल."

मालक म्हणाले, "कळेलच. आपणच शिकवले आहे त्यांना, दार लागते तेव्हा काय समजायचे ते."

"पण मालक, उत्तरार्ध हवा आहे ना?"

"हवा आहे. पण पूर्वार्ध खोटा पाडून उत्तरार्ध कसा करायचा, ते हिराओंना विचारा."

मला विचारू नका म्हणालो. बाईंनी एवढेच सांगितले, की वर्ष संपायच्या आत ही साखळी तुटली तर त्या उत्तरार्धाला होकार देतील. नाही तुटली तर जानेवारीपासून मासे.

दादा, मी तीन दिवस डोके धरून बसलो, आणि उत्तर बाहेरून आले. ब्रागाच्या शाळामास्तरीणबाईंनी इतर खेळाडूंच्या वतीने लिहिले, की त्यांच्याही घरात मापटी ठेवायला जागा उरलेली नाही (एकीने त्यांत कोथिंबीर लावली आहे), आणि तुम्हीच घातलेला नियम तुम्ही विसरलात का? मी खरोखर विसरलो होतो. खेळात सहाव्या डोंगरावर दोन म्हाताऱ्या शेजारणी आहेत, त्यांची देवघेव चाळीस वर्षे थांबलेली नाही. ती थांबवण्याचा एकच मार्ग: दोघींना एका पंगतीत बसवून जेवू घालायचे. एकत्र जेवले की मागचे सगळे फिटते. पंगतीला आणलेले पंगतीतच संपवायचे, आणि उठताना कोणी कोणाला काही द्यायचे नाही. हे मी लिहिले तेव्हा मला रात्रीच्या जेवणाला उशीर झाला होता आणि काहीतरी लिहून मोकळे व्हायचे होते. ब्रागात ते कोणाला तरी नियम म्हणून पाठ आहे. म्हणून ती मंडळी जेवायला येत आहेत. वीसेक जण, निरनिराळ्या देशांतून, आपापल्या खर्चाने, नोव्हेंबरात.

बाईंनी विचारले, इतक्यांना बसवणार कुठे? बैठकीच्या खोलीत पुडकी, मालकांच्या भावाच्या कारखान्यात लाकडाचा भुसा. सगळे माझ्याकडे पाहू लागले. जागा मला ठाऊक होती, पण ती माझ्या मालकीची नव्हती.

तर असा आहे सिद्धान्त. या धंद्यात अर्थ आहे का, तर आहे, थोडा, बेताचा, आणि मध्ये आमच्यासारखी माणसे आली नाहीत तर जास्तही. पण खरे सांगतो, मला आता या प्रश्नाचा राग येत नाही, उलट मौज वाटते. तुमच्यासमोर पाच आजीबाई बसतात, त्यांतल्या दोघींना ऐकू येत नाही, आणि तुम्ही पाचशे बसल्यासारखे प्रवचन देता. त्यात अर्थ आहे का, असे मी तुम्हाला कधी विचारले नाही. विचारायला हवे होते असेही नाही. माझ्या या खेडवळ, बोलघेवड्या राक्षसांची विचारपूस समुद्रापलीकडे लोक करतात, वेळ काढून, नीट बसून. क्योतोत माझ्याबरोबर विभक्त्या घोकलेले सगळे आज प्राध्यापक आहेत आणि त्यांचे ग्रंथ एकमेकांनीच वाचलेले आहेत. मी त्यांना यंदा नववर्षाचे शुभेच्छापत्र जरा मोठ्या अक्षरात लिहिणार आहे.

वहिनींना नमस्कार. गुडघ्याला गरम पाण्याने शेक द्यावा. घंटेच्या दोराला गाठ मारायला विसरू नये.

आपला,
एशुन

ता. क. नोव्हेंबरात होओनकोच्या उत्सवाला देवळात तुमची पंगत बसतेच. लाल घेवड्याचे सार, मुळा, भात: आजीबाई तसेही साठ माणसांचे रांधतात आणि उरलेले आठवडाभर तुम्ही दोघे खात बसता. त्यात आमचे वीसेक आणि कचेरीची माणसे सहज सामावतील. या पत्राचे कारण तेवढेच होते. बाकीचे तुम्हाला नकार देणे जड जावे म्हणून लिहिले.

ता. क. २. महत्त्वाचे. ते निघताना त्यांना एकही पर्सिमन देऊ नका. मी तुम्हाला ओळखतो. वळचणीला वाळत टांगलेली माळ तुम्ही चपला घालता घालता काढून हातात कोंबता. एक पर्सिमन म्हणजे वीस पुडकी, आणि वीस पुडकी म्हणजे मासे. वहिनींनी परसातला मुळा देऊ नये. पाऊस असल्यास छत्री उसनी द्यायला हरकत नाही, पण स्टेशनवर मी ती परत घेईन. त्यांनी काही आणले तर तिथेच ताटात वाढून संपवावे. ब्रागाची वडी दोऱ्याने कापावी. नोमुराबाई दाराशी उभ्या राहून सगळ्यांचे हात पाहणार आहेत. तुमचेही.

ता. क. ३. सोबत एक मापटे पाठवत आहे. ही भेट नव्हे. कारखान्यात जास्त झालेले आहे. याच्या बदल्यात काही पाठवू नये, गेल्या वर्षीचे पर्सिमन अजून माझ्याकडून फिटलेले नाहीत.

ता. क. ४. घाटमाथ्यावरचा धर्मगुरू तुम्ही आहात. वाक्य ओळखले असेलच. योगो तलावावरच्या नावाड्याचे तुमचे प्रवचन, एकटा उतारू असला तरी नाव हाकणारा तो, मी लहानपणापासून ऐकले तसे उतरवून काढले, तुमच्या मध्येच खाकरण्यासकट. त्या खाकरण्याचे भाषांतर झालेले नाही, तेवढे मूळ आहे. कोणता भाग सर्वांत आवडला असे खेळाडूंनी आपापसांत विचारले होते, त्यात राक्षस दुसरे आले. पहिले कोण ते सांगत नाही, डोके फिरेल. पंगतीआधी त्यांना ते प्रत्यक्ष ऐकायचे आहे. प्रवचन हे दान धरावे का, असे नोमुराबाईंनी काळजीने विचारले. मी निर्णय दिला आहे, की ते त्यांना आधीच मिळालेले आहे आणि हे लोक ऐकायला येत आहेत हीच त्याची परतभेट. तेव्हा पाहुणे म्हणून आखडते घेऊ नये. पुरते द्यावे. खुर्चीवर बसून द्यावे. आणि मध्ये कुठे अडलात तर थोडे थांबावे. त्यांना ते पाठ आहे, त्यांच्यातले कोणीतरी पुढची ओळ सांगेल.